वंदाताईंची बदामी साडी

सोम. ३० जून. धुळे

आधी दुरुस्ती. मागच्या आठवड्यात लिहिलं की वंदाताईंच्या पोटावरचे टाके मी डोळ्यांनी पाहिले. पाहिले नाहीत. त्यांचं पिशवीचं ऑपरेशन त्यांच्या माहेरी, जळगावला झालं. मी आणि अक्का नंतर भेटायला गेलो तेव्हा माझ्या या मोठ्या जाऊबाई गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. परत येताना बसमध्ये अक्कांनी दोन बोटं ताणून दाखवलं, एवढी चीर. मी जी चीर पाहिली ती सासूबाईंच्या बोटांमधली. अक्कांनी तरी चादरीतून काय पाहिलं असणार.

दुसरी दुरुस्ती. परवाच्या शुक्रवारपुढे 'थें.' लिहिलंय. तो 'ज.' होता. लाज वाटली म्हणून जाणारं रक्त कमी लिहिलं. माझ्याच वहीत मला कसली लाज. ज. म्हणजे जास्त, थें. म्हणजे थेंब, को. म्हणजे कोरडा. या महिन्यात को. शोधावे लागतात.

नाना म्हणायचे, खोडायचं नाही, खाली तारीख घालून बरोबर लिहायचं. दम्यामुळे तिसरीपर्यंत माझी शाळा घरीच, आजोबांच्या खाटेवर. पाटीवरचं चुकलेलं अक्षरसुद्धा पुसू द्यायचे नाहीत. ती सवय अजून जात नाही.

आता खरं कारण. टाके आठवले ते साडीमुळे. काल मामेसासऱ्यांकडे साखरपुडा होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं. ताई बदामी रंगाची साडी नेसून पहिल्या रांगेत, पाठ टेकून, सुखात. मी काळ्या-मरून साडीत भिंतीला धरून उभी. बस ना गं, बस ना गं, चार जणींनी म्हटलं. शेवटी वाढायचं भांडं हातात घेतलं, म्हणजे बसायचा प्रश्न नाही. सगळे म्हणाले, सचिनची बायको किती कामाची.

ताईंकडे बघत होते. एकदासुद्धा मागे हात नेऊन चाचपलं नाही त्यांनी.

बुध. २ जुलै

ज.

अक्कांनी कानबाईचा विषय काढला. श्रावण अजून लांब आहे, पण त्यांचे गहू आतापासून मनात निवडून होतात. आमच्या भाऊबंदांची कानबाई आमच्याच घरी बसते. नारळाला नथ, डोळे, लुगडं, चौरंग, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन पांझरा नदीवर, विसर्जनाला. आणि रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या. ते करणारीचा हात स्वच्छ हवा. ज्या बाईचा भरवसा नाही तिने लांब राहायचं.

माझा कुणालाच भरवसा नाही. मलाही नाही. कुणाल झाल्यापासून एकही कानबाई मी आतून पाहिलेली नाही. मागच्या पायरीवर मोरीजवळ बसते, पोरांची ताटं सांभाळते, गाणी भिंतीपलीकडून ऐकते. आणि डोक्यावर घेतात कोण? वंदाताई. पिशवी काढली तेव्हापासून दर वर्षी त्याच. ताईंना गाण्याचं तिसरं कडवं येत नाही, पुन्हा पहिलंच म्हणतात. माहेरी, शिंदखेड्याकडे, आईच्या मांडीवर मी ती सगळी पाठ केलेली. पायरीवर बसून तिसरं कडवं मी पुटपुटते.

अक्का आज भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "वंदी सुटनी. तू भी सुटी जाय ना वं."

सुटी जाय. दिवसभर तेच डोक्यात.

शनि. ५ जुलै

धुळ्यातल्याच दवाखान्यात अक्का घेऊन गेल्या. सोनोग्राफी. पिशवीचं अस्तर जाड आहे, पाळी नीट न येता साचत जातं आणि मग असं जातं, असं डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, मुलं किती? एक मुलगी, एक मुलगा. "मुलगा आहे ना? मग ठेवून करायचं काय?" अक्का हसल्या. मीही हसले. मी का हसले?

तारीख मिळाली. गुरुवार, १७ जुलै. कानबाईपर्यंत हिंडाफिरायला लागाल म्हणाले.

घरी येईपर्यंत निकाल लागल्यासारखं हलकं वाटत होतं. सचिनने मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, तुला हवंय ना पण? मी हो म्हटलं. वय तीस, पुढे काय परिणाम, काही विचारलं नाही मी डॉक्टरांना. रिक्षात बसल्यावर डोळ्यापुढे आली ती साडी. बदामी नको. मी पांढरीच घेणार, मोतिया काठाची. ताईंपेक्षा एक पायरी वर.

मंगळ. ८ जुलै

ज. सेतूवर कामाला गेले. दाखल्याच्या रांगेतली माणसं समोर, आणि मी खुर्चीतून उठायला तयार नाही. प्रिंटर पलीकडे. एका आजोबांनाच म्हटलं, बाबा, तेवढा कागद द्या ना. त्यांना वाटलं असेल, काय आळशी पोरगी.

काल ताईंना तारीख सांगितली. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला. भाकरी तशीच परातीत. मग म्हणाल्या, घाई करू नकोस ज्योती. जळगावला माझ्या डॉक्टरीणबाई आहेत, एकदा त्यांना दाखव.

मी ओळखलं. घरात एकच बाई कोरडी असली की तिलाच भाव. देवघराची किल्ली तिच्याकडे, लोणच्याच्या बरणीत हात तिचा, कानबाई तिच्या डोक्यावर. दुसरी झाली की वाटणी आली.

म्हटलं, "तुमच्या वेळी नाही कुणी घाई करू नका म्हटलं."

त्यांनी परात जवळ ओढली. भाकरी तव्यावर टाकली. ती करपली. ताईंची भाकरी करपलेली मी या घरात पहिल्यांदाच पाहिली, आणि बरं वाटलं. बरं वाटलं हेही लिहून ठेवते.

शुक्र. ११ जुलै

ताई पुन्हा आल्या. जळगाव, जळगाव. तिथे तपासणी नीट करतात, एकच बस तर आहे, मी येते सोबत. मी म्हटलं, सुट्टी नाही. मग त्यांनी सचिनला सांगून पाहिलं. दीर-भावजयीचं बरं जमतं. त्याने मला म्हटलं, वहिनी एवढ्या सांगतायत तर. वहिनी बघ, वहिनी बघ. लग्नापासून हेच. वहिनींचं भरीत, वहिनींचा स्वभाव, आणि आता वहिनींची डॉक्टरीण.

एक जुनी गोष्ट. ताईंना दोन मुली, मला एक. त्यांची पिशवी गेली त्या आठवड्यापासून घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर आल्या. मी बी.एड.ला प्रवेश घेतला होता. तो तसाच राहिला. कुणाल आला. कुणालवर माझा राग नाही, कधीच नाही. पण ताई सुटल्या त्या दिवशी मी अडकले, हे खोटं नाही.

सोम. १४ जुलै

थें.

ऑपरेशनआधीचं रक्त तपासलं. एचबी ७.४. डॉक्टर म्हणाले, असं टेबलावर घेता येणार नाही, आधी रक्त वाढवा. नवीन तारीख मंगळवार, ५ ऑगस्ट. कानबाई रविवारी ३ तारखेला. म्हणजे यंदाही मोरीची पायरी.

रडले. चक्कर येते म्हणून रडायला हवं होतं, धाप लागते म्हणून. मी रडले पायरीसाठी.

अक्कांनी गूळ-शेंगदाणे समोर ठेवले, बठ्ठं खायचं म्हणाल्या, एक दाणा उरवायचा नाही. ताईंनी वाटीत खजूर आणि बीट आणून दिलं. गूळ-शेंगदाणे खाल्ले. ताईंची वाटी खिडकीत ठेवली. संध्याकाळी मुंग्या लागल्या होत्या.

गुरु. १७ जुलै

आज माझं व्हायचं होतं. त्याऐवजी हे.

दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. ताईंच्या न्हाणीचं दार अर्धवट उघडं. बादलीत साडी भिजत घातलेली. बदामी. नळाचं थंड पाणी, आणि तळाशी न विरघळलेलं मीठ.

थंड पाणी आणि मीठ. त्याचा अर्थ या घरात माझ्याइतका कुणाला कळणार.

खाली वाकून पाहिलं. निरीपाशी फिकट डाग, रुपयाएवढा.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. आनंद झाला. पायऱ्यांवरून उतरताना पाय हलके झाले होते. खाली येऊन फोनवर वाचलं, पिशवी काढल्यावर रक्त गेलं तर कशाकशाचं असू शकतं. मग आनंद गेला. एवढे दिवस जळत होते, तिची बदामी साडी डागाळावी असं मनात कधी आलंच नव्हतं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

नाना म्हणायचे मनात आलेल्याने कुणाला काही होत नाही. नाना पुष्कळ गोष्टी मला बरं वाटावं म्हणून सांगायचे.

शनि. १९ जुलै

सांगते तसं झालं, क्रमाने.

अक्का देवळात गेल्या होत्या. ताई ओट्यावर गहू निवडत होत्या. मी सूप घेऊन समोर बसले. दोन दिवस वाक्य पाठ केलं होतं, तरी अडखळले. "ताई, तुम्हाला रक्त जातंय. मी बादली पाहिली. पिशवी नसताना जाणं चांगलं नसतं. सोमवारीच जाऊ जळगावला, मी सुट्टी टाकते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुपातला खडा उचलून बाजूला ठेवला.

"पिशवी आहे," म्हणाल्या. "जागेवर आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग सांगितलं सगळं, हळू आवाजात, हात गव्हातच. त्यांनाही माझ्यासारखंच जायचं. धाकटी झाल्यावर दीड-दोन वर्षं. माहेरी गेल्या तेव्हा जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीत औषधाची टी बसवली. कॉपर टीसारखीच दिसते, आतून थोडं थोडं औषध सोडते, अस्तर पातळ राहतं, रक्त कमी होतं, कित्येकींचं थांबतंच. ताईंचं थांबलं. इथे येऊन हे सांगितलं असतं तर अक्का म्हणाल्या असत्या, आता बरी झालीस ना, काढ ती टी आणि मुलगा होऊ दे. ताईंच्या आईने मार्ग काढला. सांग, पिशवीच काढली. नसलेल्या पिशवीला कोण काय मागणार?

"म्हणून ती चादर," मी म्हटलं.

"जुलैतल्या उकाड्यात," त्या म्हणाल्या. "घामाने मेले होते मी." आणि हसल्या. मी नाही हसले.

आता त्या टीची मुदत भरत आली आहे. औषध कमी पडतं, मधूनच डाग दिसतो. बदलून घ्यायला हवी.

मी एकच विचारलं. कानबाईच्या वेळी?

"गेल्या वर्षी पण थोडं होतं," म्हणाल्या. "घेतली डोक्यावर. पाऊस चांगला झाला."

रवि. २० जुलै

ज.

काल रागावता आलं नाही. आज येतंय.

पिशवी असलेल्या बाईचा हेवा कुणाला वाटतो? सगळ्यांना असते. पाच वर्षं मी नसलेल्या पिशवीचा हेवा केला, ती कापून टाकायची तारीख घेऊन आले, आणि ती तर तिथेच होती. म्हणजे ताईंकडे सगळंच आहे. पिशवी आहे, बदामी साडी आहे, किल्ली आहे, कानबाई आहे, आणि मुलगा कधी हा प्रश्न नाही. तो प्रश्न त्यांनी घडी घालून माझ्या खोलीत ठेवला.

सगळ्यात जास्त कशाचा हेवा वाटतो ते सकाळी कपबश्या विसळताना सापडलं. डाग असताना त्यांनी डोक्यावर घेतली आणि घाबरल्या नाहीत. मी नुसती शंका आली तरी पायरीवर जाऊन बसायची. कुणी बस म्हणायच्या आधी.

मी सांगू शकते अक्कांना. एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य दुपारी दोनदा तोंडात आलं. एकदा अक्कांनी पाणी मागितलं, एकदा कुणाल पडला.

एक मात्र मान्य करायला हवं. मला त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. खोटंच पुढे रेटता आलं असतं. जळगाव जळगाव करत होत्या ते वाटणीच्या भीतीने नव्हतं. ८ तारखेला मी लिहिलं ते चूक. खोडत नाही.

बुध. २३ जुलै. जळगाव, रात्री परत

ताईंनी घरी सांगितलं, रक्त वाढवायचं सलाईन जळगावला चांगलं मिळतं. अक्का म्हणाल्या, जा, दोन्ही जणी जा. खोटं बोलताना ताईंचा आवाज जरासुद्धा हलत नाही. याचाही हेवा.

सकाळची बस. मी काळी ओढणी सीटवर घालून बसले. एरंडोलच्या पुढे ताईंनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "कुणालच्या बारशाला मी नव्हते, आठवतं?"

आठवतं. माहेरी गेल्या होत्या, कंबर धरली म्हणून.

"कंबर धडधाकट होती," म्हणाल्या. "बघवेना."

मग जळगाव येईपर्यंत त्यांनी शेंगा सोलल्या आणि मला दिल्या. खाल्ल्या.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, कमी बोलतात. सगळं विचारलं, थायरॉइडचं रक्त घेतलं, आणि जागेपुरती भूल देऊन अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. काही वाईट नाही ना ते आधी बघू, मग उपाय. मी म्हटलं, धुळ्यात काढायची तारीख मिळाली आहे. त्यांनी चष्मा काढला. "काढायची वेळ आली तर मीच सांगेन. आज तरी मला तसं दिसत नाही." काढणं हे मोठं ऑपरेशन आहे, केल्यावर परत लावता येत नाही. औषधाने आटोक्यात येणाऱ्या गोष्टीसाठी कुणी आधी ते करत नाही. मी विचारलं नव्हतं ते सगळं त्यांनी सांगितलं.

लोहाचं सलाईन लावलं. रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. पलंगाजवळच्या स्टुलावर ताई बसून होत्या. बदामी साडीत. डाग निघाला होता पूर्ण. मिठाने निघतो, वेळेवर घातलं तर.

ताईंना टी बदलायला पुढच्या महिन्यात बोलावलंय.

रवि. २७ जुलै

को.

काल थें., आज को. गोळीने आलेला आहे, माहीत आहे. तरी अक्षर मोठं काढलंय.

श्रावण लागला. अक्का भाऊबंदांना फोन करून माणसं मोजतायत, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू. पोरींच्या नावाची मूठ नसते. मी हे कधी लक्षात घेतलं नव्हतं. ताईंनी घेतलं असणार, त्यांना दोन आहेत.

मंगळ. २९ जुलै, नागपंचमी

को.

रिपोर्ट आला. तुकड्यात वाईट काही नाही. थायरॉइड ठीक. फोनवर बाई म्हणाल्या, अस्तर वाढलंय ते पाळीच्या गडबडीने. दोन मार्ग आहेत. गोळ्या काही महिने, किंवा टी. टी बसवली तरी सुरुवातीला मधूनमधून डाग दिसतील, लगेच कोरडं होत नाही, धीर धरायला लागेल. ठरवा आणि या.

रिपोर्ट आला तेव्हा ताई शेजारी होत्या. मी फोन ठेवल्यावर त्यांनी पदराने चेहरा पुसला. त्यांना भीती वाटत होती तर. माझ्यासाठी. मला कळत नाही याचं काय करायचं. हेवा करायला ते सोपं माणूस होतं.

मी टी घेणार. ठरलं. ताईंचं बघून नाही. नाही, ताईंचं बघूनच.

गुरु. ३१ जुलै

को.

ठरवणं सोपं, सांगणं अवघड. मंगळवारची धुळ्याची तारीख उभी आहे. अक्कांनी दवाखान्यात न्यायची सतरंजीसुद्धा धुऊन ठेवली.

ताईंनी तोडगा सांगितला. तूही तेच कर. ऑपरेशन जळगावलाच करते म्हणायचं, माझ्या आईकडे राहायचं, चादर आहेच. "आई म्हणते, दुसरीला सोपं जातं."

मला जमणार नाही. तत्त्वाचं नंतर. मी पकडली जाईन. माझं तोंड खोटं बोलायच्या आधीच लाल होतं. आणि दुसरं, ते खोटं ताईंच्या अंगावरून उतरलेलं. त्यांची वापरलेली साडी नेसल्यासारखं. या एका बाबतीत तरी मला माझं हवं.

म्हटलं, मी खरं सांगणार अक्कांना. टी म्हणूनच.

ताई म्हणाल्या, "सांग. मग अक्का विचारतील, अशी टी असते तर वंदीला का नाही बसवली? तीच डॉक्टरीण, तोच दवाखाना. अक्का शाळेत गेल्या नाहीत, पण गणित येतं त्यांना." आणि मग, "मी छत्तीसची आहे ज्योती. अजून वेळ गेलेली नाही असं म्हणायला त्यांना एक दिवस पुरेल."

गोळ्याच घेऊ का मग? गोळ्यांबद्दल कुणी काही विचारत नाही. पण त्या काही महिनेच, पुढे काय? आणि सतरंजी धुऊन ठेवलेली, ती गोळ्यांनी परत कपाटात जाणार नाही. काढायला नकार द्यायचा तर कारण द्यावंच लागेल, आणि खरं कारण एकच आहे, की नीट करायचा दुसरा उपाय असतो.

माझी पिशवी वाचवायची तर ताईंची उघडी पडते. ताईंची झाकायची तर मंगळवारी माझी जाते. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लिहिते, हेही येतं, की पडू दे उघडी. पाच वर्षं बसली ना पहिल्या रांगेत.

शनि. २ ऑगस्ट

को.

सकाळी ओट्यावर रोटाचे गहू. घरच्या बायका न्हाऊन, ओल्या केसांनी. मी सवयीने मोरीकडे वळले तर अक्कांनी विचारलं, "आज कसं शे तुन्हं?" सहा दिवस कोरडी आहे म्हटलं. त्यांनी गव्हात माझा हात धरून बसवलं. गहू गार लागले.

ताई जरा लांब बसल्या होत्या. चेहरा उतरलेला. सकाळी वरच्या नळाचं पाणी बराच वेळ चालू होतं, मी ऐकलं होतं. आज त्यांना जास्त असणार.

अक्का म्हणाल्या, वंदे, चौरंग पुसी ठेव, तुलेच लेना शे. दर वर्षीसारखं.

ताई म्हणाल्या, "अक्का, कंबर धरली माझी. यंदा ज्योतीला घेऊ द्या. तिला गाणी पण सगळी येतात. मला तिसरं येत नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तिसऱ्या कडव्याचं. भिंतीपलीकडे कोण काय म्हणतं ते त्यांना ऐकू यायचं.

अक्का म्हणाल्या, चाली. ले तू.

दुपारपासून हेच उलटसुलट करतेय. ताईंनी दिली की विकत घेतली? मी गप्प राहावं म्हणून? का घाबरल्या या वर्षी, जास्त होतं म्हणून? का खरंच द्यावीशी वाटली? विचारलं असतं तर त्यांनी सरळ आवाजात काहीतरी सांगितलं असतं आणि मला कळलं नसतं. इतकी वर्षं मला हवं होतं ते हातात आलं, आणि मी ते उलटं करून खाली शिक्का शोधतेय.

दळण आलं. पीठ कोमट होतं. रोट ताई करणार नाहीत, मी करणार. त्या पोळपाट पुढे सरकवून उठल्या, जाताना माझ्या डोक्यावरून पदर नीट केला. कोणती साडी नेसू विचारलं तर म्हणाल्या, माझी बदामी ने. नको म्हटलं. मरून नेसणार. माझी आहे.

उद्या रात्री गाणी. तिसरं कडवं मोठ्याने.

परवा सकाळी पांझरेवर. आणि वाटेत गोळी फसली, ज. झालं तर? तर खाली ठेवणार नाही. एवढं ठरलं.

धुळ्याच्या दवाखान्यात अजून कळवलं नाही. सचिनला काल सगळं माझं सांगितलं, ताईंचं सोडून. तो म्हणाला, आईला तू सांग, मी शेजारी उभा राहतो. बोलणार नाही, पण उभा राहतो. त्याच्या मानाने पुष्कळ.

अक्कांना कधी सांगायचं तेही ठरवलं. नदीवरून येताना अक्का दमतात, पुलापाशी कठड्याला टेकतात, तेव्हा त्यांच्याजवळ फक्त मी असेन, चौरंग घेऊन. पिशवी काढणार नाही म्हणायचं. जळगावला टी बसवणार आहे म्हणायचं. ताईंबद्दल विचारतील. विचारतीलच. त्यावर काय म्हणायचं त्याच्या दोन ओळी सुट्या कागदावर लिहून पाहिल्या, दोन्ही इथे ठेवत नाही.

दिवस मात्र लिहून ठेवते, म्हणजे मागे घेता येणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट.